वायर काढायच्या आधी एकदा भिंत बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत छोट्या ऑफिसांनी वायरींचं जंजाळ काढून टाकावं आणि सगळं वायफाय करावं असा लेख आला होता. फोटो छान होता, पांढरंशुभ्र टेबल, त्यावर एक लॅपटॉप, एक कुंडी आणि वायर एकही नाही. आमच्या सरांनी ते पान कापून माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि काही न बोलता हसत केबिनमध्ये गेले. कारण हा सगळा प्रयोग आमच्याकडे करून, भोगून आणि निम्मा उलटा फिरवून झालेला आहे. मला कधी वर्तमानपत्राला पत्र लिहायची सवय नाही, पण तो लेख वाचून उद्या कुणीतरी केबल उपटून टाकेल आणि वीस तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, रडत बसेल, म्हणून लिहितेय. लांबलंय, कापायचं तर कापा, पण भिंतीचं आणि केबल खरवडून बघायचं तेवढं ठेवा.

आमचं ऑफिस सांगलीत गणपती पेठेत, टॅक्स कन्सल्टंटचं. सर धरून आम्ही सात जण. पार्ट्या सगळ्या बाजारातल्या, हळदवाले, बेदाणावाले, चार-दोन कापडवाले. मी २००३ पासून इथे अकाउंट्स बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण माझं शून्य, पण ऑफिसात "नेट गेलं" अशी हाक आली की सगळे माझ्याकडे बघतात, कारण कधीतरी मी राउटर बंद करून परत चालू केला आणि तो चालला, तेव्हापासून हे काम गळ्यात पडलं ते पडलंच.

आधी आमच्याकडे सगळं केबलवर होतं. भिंतीच्या खालच्या बाजूने, फरशीपासून चार बोटं वर, पांढरी केसिंग पट्टी आणि तिच्यात केबल, कोपऱ्यात एका स्टुलावर आठ पोर्टचा स्विच (सगळ्यांच्या केबल एकत्र जोडायचा डबा). दिसायला घाण दिसायचं हे मान्य, पट्टीचं झाकण निघालेलं, मधेच उंदराने कुरतडलेलं, झाडू मारताना शिपाई काकांचा झाडू त्यात अडकायचा आणि कुणाचं तरी नेट जायचं. पण बाकी ते चालायचं. इतकं चालायचं की ते आहे हेच आम्ही विसरलो होतो.

मग ऑगस्ट २०१९ आला. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. २००५ चा पूर बघितलेली माणसं सुद्धा फसली, कारण सगळ्यांच्या डोक्यात "२००५ ला इथपर्यंत आलं होतं" अशी एक रेघ होती आणि पाणी ती रेघ ओलांडून गेलं. (अलमट्टी धरणाचा विषय मी इथे काढत नाही, त्याला तुमचं अख्खं पान पुरायचं नाही.) आम्ही कॉम्प्युटर, फायली, पार्ट्यांची बिलबुकं जमेल तेवढं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवलं. केबल कोण काढतंय त्या घाईत? स्विच स्टुलावरच राहिला.

पाणी उतरल्यावर गेलो तर भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीला तपकिरी पट्टा, त्याच्या खाली सगळा गाळ. केसिंग पट्टीचं झाकण उघडलं तर आत चॉकलेटसारखा चिखल भरलेला, केबल त्यात निजलेली. जॅक पुसून लावून बघितले. एखादं मशीन दोन मिनिटं नेट घ्यायचं आणि बंद. केबलचं काम करणारा मुलगा बघायला आला तो म्हणाला, मॅडम, ह्या पिना बघा, आणि खरंच त्या सोन्यासारख्या चमकणाऱ्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं.

आता आमची अडचण समजून घ्या. जुलैच्या जीएसटीचं थ्रीबी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या कराचा हिशोब, ते पूरग्रस्त जिल्ह्यांना २० सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळालं होतं. ऑफिस पुसून, वाळवून, रंग न लावताच सुरू केलं तोपर्यंत हातात अकरा दिवस उरलेले. पार्ट्यांची अर्धी बिलं ओली, ती पंख्याखाली वाळवायची चाललेली. अशा वेळी कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सांगितलं की केबल टाकायला माणसं नाहीत, सगळ्या गावाची कामं एकदम निघालीत, त्यापेक्षा वायफाय करा, एक राउटर, सहा मशीनला सहा डोंगल (मशीनला वायफाय पकडून देणारा यूएसबीचा छोटा तुकडा), दोन तासात मोकळे. सरांनी हो म्हटलं, मी पण म्हटलं, माझंच मत होतं खरं तर. चिखल भरलेली ती पट्टी बघितल्यावर कुणालाही वाटलं असतं की वायर हा प्रकारच नको.

राउटर कुठे लावायचा तर जिथे प्लग होता तिथे. रिकामा प्लग एकच, गणपतीच्या फोटोशेजारी, फोटोच्या माळेचा. तर बाप्पांच्या उजव्या हाताला राउटर बसला. काका रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना त्याला पण ओवाळायचे, म्हणायचे ह्याच्यावरच सगळं चाललंय. पहिले दोन दिवस खरंच सुरेख गेले, वायर नाही, झाडू मोकळा, टेबलं हवी तशी फिरवली.

नंतर एकेक सुरू झालं.

बाहेरच्या खोलीत नेट धावत होतं आणि सरांच्या केबिनमध्ये नुसती चकरी. आमची इमारत जुनी, दगड आणि चुन्याची, मधली भिंत दीड हात जाड. शिवाय त्या भिंतीला टेकून तीन लोखंडी कपाटं, फायलींनी गच्च. म्हणजे सिग्नलला आधी लोखंड, मग कागद, मग काळा दगड. ह्या तिन्हीच्या पलीकडे सर बसतात. दुकानदाराने ह्यातलं काही बघितलंच नव्हतं, तो ऑफिसात आलाच नव्हता, "तुमचं किती स्क्वेअर फूट आहे" एवढं फोनवर विचारलं, मी साडेपाचशे सांगितलं, तो म्हणाला मग एक बास. साडेपाचशे फूट मोकळा हॉल आणि साडेपाचशे फुटात मधे एक दगडी भिंत, ह्यात फरक आहे हो! पत्र्याच्या शेडमध्ये वेगळं, काचेच्या पार्टिशनमध्ये वेगळं, स्लॅबच्या सळ्यांमध्ये वेगळं. वायफाय घेताना पहिला प्रश्न भिंत कशाची आहे हा पाहिजे, तुमच्या लेखात भिंत हा शब्द एकदाही नाही. मी परत वाचून बघितलं.

आता वेगाचं. राउटरच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं ३०० एमबीपीएस. आमचा प्लॅन १०० चा. मला वाटलं तिप्पट गाडी आहे, रस्ता कमी पडेल. मोजलं तर राउटरच्या समोर बसून चाळीस-पंचेचाळीस, दाराशी वीस, सरांच्या टेबलावर सहा, तेही कधी सहा कधी दोन. पूर्वी केबलवर त्याच प्लॅनला सरळ ९४ यायचे. मी दुकानात भांडायला गेले तर तिथल्या एका शहाण्या मुलाने नीट समजावलं, त्याचे आभार. खोक्यावरचा आकडा हा हवेतला, सगळं आदर्श असताना दोन टोकांमधला जास्तीत जास्त. त्यातला बराच वेळ आपापसातल्या "बोलू का, थांब, मिळालं का" ह्यातच जातो. आणि गंमत म्हणजे त्या स्वस्तातल्या राउटरला मागे जी केबलची भोकं होती तीच मुळात १०० ची होती. म्हणजे वर ३०० लिहायचं आणि मागचं दार १०० चं. हे खोक्यावर होतं, बारीक अक्षरात.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती मला आजपर्यंत कुणी सांगितली नव्हती. केबलमध्ये आठ तारा असतात, १०० च्या वेगाला जाणं वेगळ्या जोडीवरून आणि येणं वेगळ्या, आणि प्रत्येक मशीनला स्विचपर्यंत स्वतःची वाट. वायफायमध्ये सगळ्यांची मिळून एकच वाट आणि एका वेळी एकच जण बोलणार, बाकीचे गप्प. मिरज-पुणे एकेरी लाईन होती तेव्हा कसं व्हायचं आठवा, समोरून गाडी यायचीय म्हणून आपली गाडी आडबाजूच्या स्टेशनात उभी, गाडीत काही बिघाड नाही, ड्रायव्हर चांगला, तरी उभी. तसंच. सहा डेस्कटॉप, सात जणांचे फोन, एक प्रिंटर, आणि पार्ट्या येऊन बसल्या की त्यांचे फोन, सगळे एका रुळावर. सगळ्यात हळू चालणारा जो असतो, लांब कोपऱ्यातला जुना फोन, तो रूळ जास्त वेळ अडवून धरतो. म्हणून एकाने गाणी लावली की दुसऱ्याचं पोर्टल लटकतं.

त्यात शेजारपाजार. बाजारपेठेतली जागा, खाली दुकान, वर दुकान, समोर दुकान. मोबाईलवर एक फुकटचं ॲप टाकून बघितलं तर आमच्या टेबलावरून तेवीस वायफाय दिसत होते. वायफाय ज्यावर चालतो तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मोकळा केला, कुणीही वापरा, लायसन नको, म्हणून तर राउटर एवढे स्वस्त आणि घरोघरी झाले, ते चांगलंच. पण मोकळी जागा म्हटली की आपल्याकडे काय होतं ते आठवडी बाजारात बघा. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायावर पाय न देता बसतील अशी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तेवीस जण तीन जागांवर. आमचा राउटर ६ वर होता, आणखी अकरा जण ६ वर होते, कारण कुणी सेटिंगला हातच लावत नाही. मी तो १ वर नेला, दोन दिवस बरं गेलं, मग खालच्या कापडवाल्याने नवा घेतला तो पण १ वर येऊन बसला. ह्यालाच लोक "नेट स्लो आहे" म्हणतात आणि कंपनीला शिव्या देतात. पाच गिगाहर्ट्झवर जागा भरपूर असते, पण ते भिंतीपुढे आणखी लवकर हात टेकतं, आणि आमच्या डोंगलना ते येतच नव्हतं.

डोंगलचं तर विचारू नका. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला लावलेला, म्हणजे समोर पत्र्याचा डबा आणि मागे भिंत. रेंज मिळावी म्हणून दुकानातल्या मुलाने काय केलं, प्रत्येक डोंगलला दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावली आणि डोंगल मॉनिटरच्या डोक्यावर सेलोटेपने चिकटवला. सहा मशीनला सहा वायरी. वायरलेसच्या वायरी. सर म्हणाले हे मला बिलात दिसलं नव्हतं.

इथपर्यंत चिडचिडच होती फक्त, नुकसान नव्हतं. नुकसान झालं ते अकाउंटिंगच्या डेटाचं. आमचा सगळा डेटा एका मशीनवर असतो आणि बाकीच्या मशीन तिथून उघडून एंट्र्या करतात. सगळ्या ऑफिसांत हीच पद्धत. वेबसाईट बघताना वायफाय अर्धा सेकंद तुटला तर कळत पण नाही, पान परत येतं. पण एंट्री सेव्ह होत असताना अर्धा सेकंद तुटला तर अर्धी एंट्री लिहिली जाते आणि अर्धी राहते. २० तारखेच्या आदल्या संध्याकाळी एका बेदाणावाल्याची कंपनी, म्हणजे सॉफ्टवेअरमधली त्याची हिशोबाची फाईल, उघडेचना. एरर. दुरुस्तीचं बटण दाबलं, ते गोल गोल फिरून तीनशे-साडेतीनशे व्हाउचर कमी दाखवायला लागलं. बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा, का, तर बॅकअप घ्यायला पूर्वी मिनिटभर लागायचा, वायफायवर पंधरा मिनिटं लागायला लागला म्हणून मुलींनी रोज घ्यायचं सोडलं होतं. सातशे एमबीची फाईल, सहाच्या वेगाने, करा हिशोब (फाईल बाईटमध्ये मोजतात, वेग बिटमध्ये, आणि एका बाईटचे आठ बिट). सॉफ्टवेअरचा दोष नाही बरं का, त्यांच्या माणसाने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, वायफायवर चालवताय का? हो म्हटल्यावर तो एक मिनिट गप्पच बसला.

त्या रात्री पावणेबारापर्यंत आम्ही तिघी वाळवलेल्या पिवळ्या बिलांवरून परत एंट्र्या मारत होतो. त्या बिलांना पुराचा वास येत होता. भरलं रिटर्न, वेळेत भरलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन पंधरा मीटरची तयार केबल आणली आणि डेटाच्या मशीनपासून माझ्या मशीनपर्यंत दारातून आडवी टाकली, वर पायपुसणं. काकांनी विचारलं, परत वायर? म्हटलं, परत.

एक गोष्ट मात्र वायफायच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी लबाड ठरेन. लॉकडाऊनमध्ये सरांनी दोघींना लॅपटॉप घेऊन दिले, ते आले ते राहिले, आणि लॅपटॉपला वायफायच पाहिजे, खुंटीला बांधलेला लॅपटॉप काय कामाचा. आणि जुलै २०२१ मध्ये परत पाणी आलं तेव्हा आम्ही अर्ध्या तासात ऑफिस रिकामं केलं, राउटर उचलला, लॅपटॉप काखेत मारले, बास. दोन वर्षांपूर्वी हेच करायला अख्खा दिवस गेला होता. तेव्हा बाहेर रिक्षात बसल्यावर मी त्या राउटरला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

तर २०२१ च्या पुरानंतर जेव्हा सगळं तिसऱ्यांदा नव्याने लावायची वेळ आली तेव्हा सरांना सांगितलं की ह्या वेळी मी माणूस निवडणार आणि तो आधी ऑफिस बघायला येणार. आला एक मिरजेचा मुलगा, विशीतला, अबोल. त्याने आधी भिंतीवर हाताची थाप मारून बघितली. मग कपाटं बघितली. मग विचारलं, ह्यातलं हलतं काय आणि बसून काय असतं? मला हा प्रश्न फार आवडला, एवढ्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, चार डेस्कटॉप आणि प्रिंटर आहेत तिथेच असतात, लॅपटॉप आणि फोन फिरतात, सर फोन कानाला लावून फिरतात. म्हणाला, मग बसलेल्यांना वायर आणि फिरणाऱ्यांना वायफाय. एवढंच. तुमच्या लेखात "वायर की वायरलेस" असं भांडण लावून दिलंय, त्या पोराने ते अर्ध्या मिनिटात मिटवलं.

केबल आणायला मी त्याच्याबरोबर गेले. दुकानात दोन प्रकारची निळी केबल, दिसायला तंतोतंत सारखी, एक निम्म्या भावाची. मी अर्थात निम्म्याकडे बोट दाखवलं. त्याने टोक सोललं, आतली बारीक तार काढली आणि ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी फटक. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. म्हणाला, हे दोन पावसाळे काढत नाही मॅडम, वाकवलं की तुटतं आणि कुठे तुटलं ते सापडत नाही. दुसरी खरवडली ती आतपर्यंत लाल. आमची जुनी केबल, जी पुराने गेली असं आम्ही म्हणतो, ती पण मी नंतर माळ्यावरून काढून खरवडून बघितली. पांढरी निघाली. म्हणजे पूर आला नसता तरी ती जाणारच होती, आम्ही कृष्णामाईला उगाच बोल लावला. तुमच्या वाचकांपैकी कुणी केबल घ्यायला गेला तर खिशात ब्लेड ठेवा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला जॅक बसवणं, मी शिकून घेतलं. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा त्याचा पक्कड घेऊन बसले. आठ तारा सोलायच्या, सरळ करायच्या, ओळीने लावायच्या, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाढ्यासारखं म्हणत बसायचं. इथे सगळ्यांची चूक एकच होते, हिरवी जोडी शेजारी शेजारी घ्यावीशी वाटते कारण ते दिसायला बरं दिसतं, पण हिरव्याच्या पोटात निळी जोडी जाते, तिसरा पांढरा-हिरवा आणि सहावा हिरवा, मधे निळे दोघं. माझा पहिला जॅक टेस्टरला लावला तर तीन नंबरचा दिवा लागलाच नाही. कापून टाकला. दुसरा कापला. तिसऱ्याला एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागले तेव्हा मी कसल्या आनंदाने ओरडले ते काका अजून सगळ्यांना सांगतात. पंचेचाळीस वर्षांची बाई आणि आठ दिवे.

आता मांडणी अशी आहे. डेटाचं मशीन, बाकीचे तीन डेस्कटॉप आणि प्रिंटर केबलवर, नव्या स्विचवर, हजारच्या वेगाचा. सातशे एमबीचा बॅकअप दहा-बारा सेकंदात होतो, त्यामुळे मुली रोज घेतात, विसरायचा प्रश्नच येत नाही. वायफायचे डबे दोन, एक बाहेरच्या खोलीत छताला, एक सरांच्या केबिनमध्ये छताला, आणि दोन्हींना केबल आहे. हे लोकांना कळत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, की वायफायचा डबा हवेतून नेट आणत नाही, त्याच्या शेपटीला वायर लागतेच, आणि वायफाय जेवढा चांगला पाहिजे तेवढे डबे जास्त आणि तेवढी वायर जास्त. मधे आम्ही तो रिपीटर नावाचा प्रकार पण लावून बघितला होता, प्लगमध्ये खोचायचा. पण तो एकाच कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने पुढे सांगतो, त्यामुळे तिथे वेग निम्माच येतो, आणि त्याला जर सहाच मिळत असतील तर तो बिचारा तीन देणार. पहिल्यापेक्षा आत्ता आमच्या ऑफिसात दुप्पट केबल आहे. वायरलेस करताना आमची वायर वाढली असं सर सगळ्यांना सांगत फिरतात.

छताच्या डब्यांना करंट पण त्याच नेटच्या केबलमधून जातो, वेगळा प्लग लागत नाही, त्यामुळे राउटर बाप्पांच्या शेजारून हलला. काकांना थोडं वाईट वाटलं.

पासवर्डचं राहिलं. पहिल्या वेळी आमचा पासवर्ड म्हणजे ऑफिसचा फोन नंबर होता, जो बाहेर बोर्डावर लिहिलेला. पार्टी आली की बसायच्या आधी "वायफाय द्या की ताई", नाही कसं म्हणणार, आपली माणसं. हळूहळू समोरच्या चहावाल्याचा पोरगा पण आमच्यावरच मॅच बघायला लागला, मला कळलं तेव्हा त्याने आम्हालाच स्कोअर सांगितला. हसण्यावारी नेलं. पण सरांनी एकदा २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादचे बॉम्बस्फोट झाले त्याच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. त्याला पत्ताच नाही, आणि पोलीस दारात. त्याच वर्षी पुढे माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय पण असंच वापरलं गेलं, आणि २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडे वायफाय शोधत रस्त्याने फिरायला लागले होते. केबलचं कसं, चोराला आत येऊन खुर्चीवर बसावं लागतं. वायफायचं नाही, तो आमच्या जिन्यात बसून पण आमचा असतो. आमच्याकडे चारशे पार्ट्यांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट, सह्यांचे डिजिटल टोकन, आणि त्याची किल्ली बोर्डावर!

आता पाहुण्यांचा वायफाय वेगळा, त्यावरून फक्त इंटरनेट, आमची मशीन आणि प्रिंटर दिसत नाहीत, आणि त्याचा पासवर्ड दर महिन्याच्या २१ तारखेला काका बदलतात, भाजीची नावं ठेवतात, सध्या दोडका चालू आहे. ऑफिसचा पासवर्ड लांबलचक आहे आणि तो मी इथे लिहिणार नाही. राउटरच्या आतल्या सेटिंगचा कंपनीचा जो सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड असतो तो पण बदला, तो कुणीच बदलत नाही. आणि सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी नावाचं काही निवडलेलं दिसलं तर आजच काढा, ते कुलूप २००१ मध्येच मोडलंय, डब्ल्यूपीए टू किंवा थ्री पाहिजे.

प्रिंटर वायफायवर होता तोपर्यंत रोज सकाळी "ऑफलाईन" दाखवायचा हे पण लिहायचं होतं, पण ज्याच्याकडे आहे त्याला माहीतच आहे.

तर संपादक साहेब, तुमच्या लेखकाने पुढच्या वेळी फोटो काढताना टेबलाच्या खाली पण कॅमेरा न्यावा आणि एखादा लेख गावातल्या ऑफिसांवर पण लिहावा, जिथे भिंती दगडी आहेत, कपाटं लोखंडी आहेत, दिवसातून दोनदा लाईट जाते (राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, घ्या) आणि डेटा अजून एका मशीनवरच आहे. आणि नदीकाठी असाल तर आणखी एक, आमच्या केबलची पट्टी ह्या वेळी फरशीजवळ नाही. २०१९ च्या पाण्याची जी खूण भिंतीवर राहिली होती ती सरांनी रंग देताना पुसू दिली नाही. मिरजेच्या मुलाने टेप धरून त्या खुणेच्या दोन फूट वर खडूने रेघ मारली आणि पट्टी त्या रेघेवर ठोकली. झाडू आता कुठेच अडकत नाही.

आपली एक वाचक,
गणपती पेठ, सांगली